चौथ्या ड्रमचं जनावर

तीर्थरूप दादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. रागात असले तरी वाकून केला आहे, तेव्हा आशीर्वाद पुरता दे, त्यात काटछाट करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीच्या दाढेचं काम झालं का? आईला म्हणावं, ऐकायचं यंत्र कानात घालत जा (ती ते उशीखाली ठेवते आणि हल्ली सगळे पुटपुटतात म्हणून आपल्यालाच बोल लावते). गाय, म्हैस, घोडी, गाढव, शेळ्या आणि ससे यांची पोटं ठीक आहेत ना? हे मी रीत म्हणून विचारत नाही, इकडे माझी नोकरी त्या पोटांवर लटकली आहे. आमच्याकडे हे मजेत आहेत, घड्याळदुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. मी मात्र बरी नाही. म्हणजे ताप, खोकला वगैरे काही नाही. संतापाने माणसाचं जे होतं ते झालंय.

आधी तुझ्या पत्राचा समाचार घेते. या महिन्याच्या सुरुवातीला डब्यांबरोबर जे पाठवलंस, ते. सख्ख्या बहिणीला कोणी 'आपल्या मागणीनुसार माल रवाना करण्यात येत आहे' असं लिहितं का? गोदामातली कारकुनी सोडून तुला सहा वर्षं झाली, पण गोदाम काही तुला सोडत नाही. त्याच पत्रात खाली, 'आपण आईच्या वाढदिवशी केलेल्या सूचनेस अनुसरून सर्व जुन्या स्थळप्रती येत्या एक तारखेस नष्ट करण्यात येतील, कळावे.' कळलं. वाचून बरं वाटलं. वहिनीने तुझ्या त्या कार्बन प्रतींपायी आयुष्यभर सोसलंय. दोन कपाटं आणि पलंगाखालची पेटी भरून कागद. माणूस पत्र लिहितो आणि टाकतो, तू खाली कार्बन घालतोस. वाण्याच्या यादीची प्रत. दूध उतू जाऊ देऊ नकोस म्हणून वहिनीला लिहिलेल्या चिठ्ठीची प्रत. लग्नाआधी तिला जी पत्रं लिहिलीस त्यांच्यासुद्धा प्रती, वर जावक क्रमांक घातलेल्या (हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना ती हसत नव्हती). फोनवर बोललेल्याची प्रत राहत नाही म्हणून तू फोन उचलत नाहीस, त्यामुळे भांडायचं झालं तरी मला टपालाने भांडावं लागतं. तेव्हा नष्ट कर, अवश्य कर. वर्षापूर्वी आईच्या वाढदिवसाला भर पंगतीत तू त्यातलीच एक प्रत काढून मोठ्याने वाचलीस, हे मी विसरलेले नाही. चौदा वर्षांपूर्वी मी नोकरी धरली तेव्हा मला लिहिलेलं पत्र: 'शेणात हात घालायची नोकरी धरू नकोस, पस्तावशील.' माझ्या सासरची सगळी माणसं समोर बसली होती. नणंद हसता हसता ठसका लागून पाणी मागत होती. तेव्हा मी म्हणाले होते की तुझी सगळी कार्बनं माझ्या ड्रममध्ये आणून टाक, तीन आठवड्यांत माती करून देते. त्यात मी काय चुकीचं बोलले?

आता झालं काय ते सांगते. तू हे वहिनीला वाचून दाखवशील, म्हणून जरा फोड करून लिहिते. आमचा खोपा भाजीबाजाराच्या मागच्या अंगाला, जिथे कोबीची पानं, मक्याची कणसं, पेंढा, पुठ्ठे आणि फुटकी खोकी येऊन पडतात. एक पत्र्याची शेड, तिच्या टोकाला एक खोली, तिला प्रयोगशाळा म्हणायचं. आम्ही दोघीच. एक मोठ्या बाई, ज्यांनी या विषयात पदवीवर पदवी घेतली आहे, आणि दुसरी मी, जी बाटल्या धुते, उकळते, भरते, आणि पदवी नसल्यामुळे सगळं लक्षात ठेवते. हा सगळा पाला म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. कागद, कापूस, लाकूड, देठ, सगळ्यांच्या अंगात तेच. आपल्याला ते पचत नाही, पण गवत खाणाऱ्या जनावरांच्या पोटात असे जिवाणू असतात जे ते तोडून त्याची साखर करतात, आणि त्यातले पुष्कळसे शेणावाटे बाहेर पडतात. त्यातले जे सगळ्यांत खादाड असतील ते शोधायचे आणि बाजाराच्या कचऱ्यात सोडायचे, एवढंच आमचं काम. काचेच्या बशीत जेली बसवायची, तिच्यात खायला दुसरं काही ठेवायचं नाही, फक्त सेल्युलोज. वर शेणाच्या पाण्याचा थेंब. तीन दिवसांनी तांबडा रंग ओतून धुवायचा. जिथे जिवाणूंनी खाल्लंय तिथे रंग धरत नाही, तांबड्यात पांढरी टिकली उठते. टिकली जेवढी मोठी तेवढा जिवाणू हावरा. चौदा वर्षांत मी अशा किती टिकल्या पट्टीने मोजल्या असतील. त्या मोजताना मला आजही आनंद होतो, आणि हे मी तुला पंगतीत सांगणार होते, पण तेव्हा तू वाचत होतास.

या वेळी मोठ्या बाईंनी ठरवलं की मोजणाऱ्याला जनावर कळता कामा नये. कळलं की मन एका बाजूला झुकतं आणि टिकली आपोआप अर्धा मिलिमीटर मोठी दिसते (हे मला उद्देशून होतं, शेळ्यांच्या बाबतीत माझं तसं होतं हे मी नाकारत नाही). म्हणून तुला लिहिलं की सहा जनावरांचा ऐवज पाण्यात कालव, फडक्यातून गाळ, सारख्या सहा डब्यांत भर, डब्यांवर नुसते आकडे घाल, आणि कुठला आकडा कोणाचा ते चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करून पाठव. तू ते सगळं केलंस. अगदी चोख केलंस, ते मी कबूल करते. डब्यांच्या तोंडाला फडकं बांधताना जी गाठ मारलीस ती मला लहानपणी शिकवली होतीस तीच, आणि ती सोडवताना माझी दोन नखं तुटली. बस एवढ्या खड्ड्यांतून आली, पण एक थेंब सांडला नाही. ड्रायव्हरने मात्र डबे उतरवताना नाक असं धरलं जसं काही त्याच्या घरी कोणाला पोटच नाही.

मग सहा ड्रम भरले. एक ते सहा, बाहेरून रंगाने आकडे. प्रत्येकात सारखाच पाला, सारखेच पुठ्ठे, सारखंच पाणी, आणि ज्याचा त्याचा डबा. शेडमध्ये लगेच तट पडले. मोठ्या बाई काही बोलत नसत, पण गायीच्या बाजूच्या आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. बाजाराचा पहारेकरी उघडपणे म्हशीचा. मी कोणाची ते वर आलंच आहे. दहा दिवसांत पाच ड्रमांत काय झालं? पाला लुळा पडला, वास सुटला, बाकी पुठ्ठ्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. आणि चौथा, दादा, चौथा ड्रम हाताला ऊन लागायला लागला. पंधराव्या दिवशी त्यातले पुठ्ठे दिसेनात. एकोणिसाव्या दिवशी झाकण उघडलं तर आत काळी, भुसभुशीत, पावसाळी जमिनीसारख्या वासाची माती. मक्याच्या कणसाचा दांडा तेवढा राहिला होता, तोही बोटाने चेपला की चुरा. मोठ्या बाईंनी मूठ भरून हुंगली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं आपण जे म्हणत होतो ते समोर होऊन दिसलं.

मग पाकीट उघडायची वेळ आली, आणि पाकीट मिळालं नाही. ते अत्यंत सुरक्षित जागी ठेवलेलं होतं. कोणी ठेवलं, कुठे ठेवलं, याच्या खोलात या घडीला शिरण्यात अर्थ नाही. परिस्थितीच तशी होती. तू ते साध्या कागदाच्या पाकिटात न घालता प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं असतंस तर ही वेळ आली नसती, एवढंच मी सुचवते. ज्या माणसाने पंधरा वर्षं गोदामात माल बांधला त्याला हे सुचायला हवं होतं.

तू म्हणशील, जनावर कशाला हवं, ड्रममधलीच मूठभर माती घेऊन पुढे चला. आम्हीही तेच म्हणत होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाजाराचा सचिव येऊन गेला होता. हा मनुष्य आम्हाला पाण्यात पाहतो. त्याला आमची शेड हातगाड्या लावायला हवी आहे, आणि तो आमच्या प्रयोगशाळेला शेणखाना म्हणतो (लीद, शेण आणि लेंडी यांतला फरकसुद्धा त्याला कळत नाही, तुझ्यासारखं काटेकोर लिहिणं तर दूरच). पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेला समिती शेड बघायला येणार, म्हणून त्याने सफाई काढली. चौथ्या ड्रममधली माती चांगली दिसली म्हणून फाटकाजवळच्या फुलझाडांना घातली आणि वर कीड नको म्हणून फिनाईल ओतलं. फुलझाडांना फिनाईल. ड्रम उकळत्या पाण्याने खरवडून घेतला. बाकीचे पाच ड्रम रंगवून बाजाराच्या दारांपाशी कचऱ्याला ठेवले आणि त्यांच्यावर स्वच्छतेचे उपदेश लिहिले. मी चमचा घेऊन त्या झाडांच्या बुडाशी बसले, वाफे उकरले, बशा भरल्या. बुरशी आली, दुसरं काही आलं नाही. आणि जुन्या बशा म्हणशील, तर त्या मी शनिवारी उकळून टाकल्या होत्या. शनिवारी उकळायच्या हा नियमच आहे, आणि नियम पाळला म्हणून मला कोणी बोल लावू नये.

आता उरलाय एक ड्रम. एकच. समितीला माती दाखवायला एकोणीस दिवस हवेत, म्हणजे डबा दोन तारखेच्या आत माझ्या हातात पडला पाहिजे. समितीला माती दिसली तर शेड राहील, मोठ्या बाईंचं काम राहील, आणि माझी बशी-पट्टी राहील. नाही दिसली तर तिथे हातगाड्या उभ्या राहतील आणि मी घरी बसेन, आणि तुझं ते पंगतीतलं पत्र खरं ठरेल. एका ड्रममध्ये एकच जनावर जाणार, आणि ते कोणतं हे जगात कोणाला माहीत नाही. सहाही एकत्र घालून बघू म्हटलं, तर मोठ्या बाई म्हणाल्या की डब्यातले सगळे जिवाणू काही गुण्यागोविंदाने राहत नाहीत, सुस्त मंडळी चपळांना दाबून टाकतील. सल्ले मात्र भरपूर मिळाले. पहारेकरी म्हणाला म्हैसच, डोळे झाकून. यांनी चिठ्ठ्या टाकून उचलायला सांगितलं. ज्या माणसाला एक स्क्रू कमी पडला तर घड्याळाचं झाकण लाववत नाही, त्याने माझ्या चौदा वर्षांच्या चिठ्ठ्या टाकायला निघावं. त्या दिवशी मी त्यांच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. सचिव तर मला बघून शीळ घालतो आणि दोरीने शेडची लांबी मोजतो.

असो. हे सगळं तुला कळावं एवढ्यासाठीच लिहिलं. मागायचं काही नाही. तुझ्यावर माझा काही भार नको, तू तुझी कपाटं रिकामी कर, सुखी राहा. वहिनीला आणि आईला नमस्कार, शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरव.

तुझी,
शेणात हात घालणारी धाकटी

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारते, त्याला फार महत्त्व देऊ नकोस. ती डब्यांची चिठ्ठी लिहिताना तू खाली कार्बन घातला होतास का? नसशील घातला, एवढीशी तर चिठ्ठी. घातला असशील तर तुला आठवत असेलच कुठला आकडा कोणाचा. पण तुला काही आठवत नाही हे मला ठाऊक आहे. आठवत नाही म्हणून तर तू लिहून ठेवतोस.

ता. क. दुसरा. पाकीट मी ठेवलं होतं. आता लपवून काय करू. खोलीत ठेवलं असतं तर दोन दिवसांत मीच उघडलं असतं, शेळ्यांचं काय झालं ते बघायला. कपाटाची किल्ली मोठ्या बाईंकडे, टेबलाच्या खणात सचिव हात घालतो. मग वाटलं, जिथे कोणी हात घालणार नाही अशी जागा कुठली? म्हणून एका ड्रमच्या झाकणाला आतून खळीने चिकटवलं. चौथ्याच्या. त्याचं झाकण तेवढं घट्ट बसत होतं. आधी खळ गेली, मग पाकीट खाली पडलं, आणि मग त्यांनी ते मन लावून खाल्लं. दिवसभर कागद खाणारे जिवाणू पाळते मी, दादा, आणि एकुलता एक कागद त्यांच्या ताटात नेऊन वाढला. पहारेकऱ्याला सांगितलंय की उंदराने नेलं. मोठ्या बाईंना काहीच सांगितलेलं नाही, त्या अजून रोज टेबलाखाली वाकून बघतात, आणि ते मला बघवत नाही.

ता. क. तिसरा. एक तारखेला काहीही नष्ट करू नकोस. एकही कागद. मी पंगतीत बोलले ते रागाच्या भरात बोलले, शब्द मागे घेते, हवं तर पुढच्या वाढदिवशी त्याच पंगतीत घेईन, नणंदेच्या देखत. हे पत्र हाती पडताच कपाट उघड, या महिन्याच्या जावक फायलीत बघ, आणि चार या आकड्यापुढे ज्याचं नाव असेल त्याचा ताजा डबा त्याच दिवशी बसने पाठव. गाढव निघालं तरी चालेल. त्याला मी आजवर काय काय म्हटलंय ते सगळं मागे घेते.

ता. क. चौथा. त्याच कपाटात चौदा वर्षांपूर्वीची ती प्रत असेल, पस्तावशीलवाली. तीही डब्याबरोबर पाठव. ड्रम भरताना सगळ्यांत आधी ती घालणार आहे. समिती येईल तेव्हा झाकण उघडून माती दाखवीन. मी पस्तावले नाही, दादा. एक दिवससुद्धा नाही. हे तुला तोंडावर सांगायचं होतं, पण तू फोन उचलत नाहीस.

ता. क. शेवटचा. उत्तर देताना 'आपण असं कधी लिहिलंच नव्हतं' वगैरे म्हणू नकोस. यांच्या दुकानातून कार्बन आणला होता. या पत्राची स्थळप्रत ठेवली आहे, पत्र्याच्या डब्यात, सगळ्यांत वरच्या फळीवर, ड्रमपासून लांब.